शेजारच्या खणातला ठसका

आम्ही दोघं भेटलो ते हाकलून दिल्यावर. खरंच सांगते, पोरींनो! प्रशिक्षणाचा पहिलाच दिवस, आणि आमच्या शिकवणाऱ्या बाई लल्ला दलिलांनी मला दारातूनच परत फिरवलं. "आधी अंग धुऊन ये," म्हणाल्या, "मग आत पाऊल टाक."

चूक माझी नव्हती, आईची होती. सकाळी निघताना तिनं नारिंगीच्या फुलांचं पाणी माझ्यावर शिंपडलं. शिंपडलं कसलं, ओतलंच! मुलगी कामाला निघाली की ते शुभ असतं ना... आणि मी निघाले होते सफाक्स शहरातल्या प्रयोगशाळेत, जैतुनाचं तेल चाखायला शिकायला. तेल चाखणाऱ्याच्या अंगाला कसलाच वास चालत नाही, हे आईला कोण सांगणार? मलाच कुठे ठाऊक होतं!

अंगणातल्या नळावर आधीच एक जण वाकलेला होता. कानामागचे केस साबणानं असे खसाखसा घासत होता की कान पार लालबुंद झालेला.

"तुला कशापायी हाकललं?" मान वर न करताच त्यानं विचारलं.

"आईपायी," मी म्हणाले. "आणि तुला?"

"जाईपायी."

नळाच्या कट्ट्यावर जाईच्या कळ्यांचा गुच्छ ओला होऊन पडला होता. उन्हाळ्यात आमच्याकडचे मुलगे कानावर जाई खोचून मिरवतात. डाव्या कानावर असली तर समजायचं, स्वारी अजून मोकळी आहे.

"पण डावाच कान घासतोयस..." माझ्या तोंडून निघून गेलं. जीभ चावली, पण उशीर झाला होता.

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. चेहऱ्यावर फेस, आणि फेसातून हसू. "लक्ष बरं आहे की तुझं!"

त्याचं नाव वज्दी. केर्केन्ना बेटावरचा, बोटीनं येणारा. माझं नाव आमना, आणि मी त्या दिवशी मनात पक्कं ठरवलं की या आगाऊ मुलाशी बोलायचं नाही.

ठरवलेलं टिकलं ते दुपारपर्यंत.

चाखायच्या खोलीत बोलायला बंदी असते. प्रत्येकाला लाकडी फळ्यांनी आडोसा केलेला स्वतःचा खण. समोर निळ्या काचेचे प्याले... तेलाचा रंग दिसू नये म्हणून निळे, कारण रंग पाहिला की माणूस फसतो. प्याला तळहातांत धरायचा, ऊब द्यायची, हुंगायचं. आणि मग भुरका! दातांतून हवा आत ओढत, फुर्रर्र करून, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा. आमच्या घरात सूप पिताना जरा आवाज झाला तरी आई टेबलाखालून पाय मारायची. तिथे मी अनोळखी मुलांसमोर भुरके मारायचे? मी आपली चिमणीसारखी टिपत बसले.

"आमना," लल्ला दलिला म्हणाल्या, "तेल आहे ते, औषध नाही. लाज घरी ठेवून ये."

तेवढ्यात शेजारच्या खणातून असा भुरका आला, असा भुरका आला, की जणू उंटच पाणी पितोय. त्याच्यामागे ठसका. मग आणखी एक ठसका. ताज्या तेलात तिखटपणा असतो, तो घशात उतरतो. चांगल्या तेलानं एक ठसका लागतो, उत्तम तेलानं दोन. मला हसू आवरेना. आणि हसता हसता मीही एक दणदणीत भुरका मारला.

बाहेर आल्यावर वज्दी म्हणाला, "तुझ्यासाठी एवढा बेशरम झालो, निदान आभार तरी मान."

"लबाड कुठला! तुला नीट पिताच येत नाही."

त्या उन्हाळ्यात असंच चाललं. सकाळभर शेजारी शेजारी बसायचं, पण एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, शब्द बोलायचा नाही. मी त्याला ऐकायला शिकले. कुठल्या तेलावर तो श्वास रोखतो, कुठल्यावर नाक ओढतो, खवट तेल लागलं की कसा हळूच "हं..." करतो. तुम्हाला खोटं वाटेल, पोरींनो, पण त्याचा चेहरा मला पाठ व्हायच्या आधी त्याचा ठसका पाठ झाला.

दुपारी सुटलो की समोरच्या गाड्यावर लब्लाबी खायचो. शिळ्या पावावर हरभऱ्याचा गरमागरम रस्सा, वर हरिसा, म्हणजे लाल मिरचीची झणझणीत चटणी. सकाळभर कॉफी नाही, कांदा नाही, मसाला नाही, त्यामुळे दुष्काळातून आल्यासारखे तुटून पडायचो.

"आमना, विचार कर," घाम पुसत वज्दी म्हणाला. "उद्या आपलं जमलं तर काय होईल? अत्तर नाही, फुलं नाही, सकाळची कॉफी नाही..."

"कोण म्हणालं आपलं जमणार आहे?"

"मी फक्त उदाहरण दिलं."

"मग उदाहरण दुसऱ्या कुणाचं तरी दे," मी म्हणाले, आणि माझ्या वाटीतला उकडलेल्या अंड्याचा अर्धा तुकडा त्याच्या वाटीत टाकला.

पण एक गोष्ट आमच्या दोघांच्या मध्ये सतत बसलेली असायची. उन्हाळ्याच्या शेवटी परीक्षा होती. दर वर्षी पहिल्या येणाऱ्याला शिष्यवृत्ती: दोन वर्षं इटलीत शिक्षण, सगळा खर्च, आणि परत आल्यावर याच प्रयोगशाळेत कायमची जागा. एकच जागा.

मला ती हवी होती. अगदी जिवापाड हवी होती. माझा भाऊ मुन्झर इंजिनियर झाला आणि तेव्हापासून कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात बसून होता. पदवी होती, ओळख नव्हती. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो बाहेर पडायचा, जणू कुठे पोचायचंय, आणि आई त्याची पाठ बघत राहायची. मला माझी पाठ तशी कुणी बघायला नको होती.

आणि वज्दीला? मागच्या उन्हाळ्यात एका कार्यालयात त्याला प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलं आणि महिनाभर साहेबांची कॉफी आणायला लावलं. शेवटी दिलेल्या प्रमाणपत्रात लिहिलं होतं, 'कामात तत्पर.' तो ते वाचून दाखवायचा आणि हसायचा, पण डोळे हसायचे नाहीत.

परीक्षा जवळ आली तशी बाकीच्या मुलींना चेव चढला. "तुला कसली काळजी गं! तो सोडेल की जागा तुझ्यासाठी."

मी तडक त्याला गाठलं. "खबरदार, मुद्दाम हरलास तर! तोंड बघणार नाही तुझं."

"मुद्दाम?" त्याच्या भुवया वर गेल्या. "आमना, मी तुला चारी मुंड्या चीत करणार आहे. मग रडू नकोस."

"बघू या."

"बघू या."

परीक्षेच्या दिवशी खोलीत कुणी चकार शब्द बोलत नव्हतं. तेलांची प्रतवारी लावायची होती, बिघडलेलं ओळखायचं होतं. मी मान खाली घालून चाखत होते. शेवटी शेवटी एक प्याला आला... वरवर गोड, फळासारखा, पण मागे कुठेतरी, अगदी मागे, ओल्या मातीचा कुबट वास. मी लिहून टाकलं. आणि शेजारून भुरका ऐकू आला. मग जीभ साफ करायला सफरचंद चावल्याचा आवाज, मग पुन्हा भुरका. मग पाण्याचा घोट. पुन्हा भुरका, आणि जड श्वास.

निकाल लागला. मी पहिली, वज्दी दुसरा. त्या एका प्याल्यानं फरक पडला होता.

सगळ्यांनी गलका केला. वज्दी पुढे आला, म्हणाला "मुबारक, आमना!" आणि इतका छान हसला, इतका मनापासून, की मला संशय आला. हरलेला माणूस असा हसतो? मागून कुणीतरी कुजबुजलंच, "सांगितलं नव्हतं, सोडणार म्हणून?"

"तू मुद्दाम हरलास," मी सगळ्यांदेखत बोलले.

त्याचं हसू मावळलं. "काय म्हणालीस?"

"मला भीक घातलीस. असली भीक मला..."

"बस," तो म्हणाला. उन्हाळाभरात आवाज चढला नव्हता त्याचा, तेव्हाही चढला नाही. पिशवी उचलून चालता झाला.

घरी आई नाचायची बाकी होती. मुन्झरनं मला उचलून गरगर फिरवलं आणि मग तोंड फिरवून डोळे पुसले. मी मात्र कोपऱ्यात बसून राहिले, आणि कानांत ते भुरके वाजत राहिले. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. अगं वेडे, मी स्वतःला म्हणाले, ज्याला हरायचंय तो एकाच प्याल्याकडे परत परत कशाला जाईल? तो झगडत होता! जीव तोडून झगडत होता, आणि तू शेजारी बसून ऐकत होतीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर धावतच गेले. केर्केन्नाची बोट सुटायला आलेली. तो कठड्याला टेकून उभा होता. मला बघून त्यानं मान वळवली.

"वज्दी, मी ऐकलं होतं," मी धापा टाकत म्हणाले. "परीक्षेत. तू त्या प्याल्याकडे पुन्हा पुन्हा जात होतास."

"मग सगळ्यांदेखत तसं म्हणालीस कशाला?"

"भीती वाटली... हे मी मिळवलेलं नसेल, कुणी दिलेलं असेल तर?"

तो पाण्याकडे वळला. वाऱ्यानं त्याचे केस कपाळावर येत होते.

"मला तो कुबट वास सापडलाच नाही, आमना. आतासुद्धा विचार करतो, तरी सापडत नाही. तुला सापडला. मला ती जागा हवी होती, रात्रभर झोप आली नाही मला. आणि तरी तुझं नाव वाचलं तेव्हा आनंद झाला. दोन्ही खरं आहे, त्याला मी काय करू?"

 माझे डोळे भरून आले.

"आता रडू नकोस," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी तू नसशील. मग मला कोण हरवणार? पुन्हा परीक्षा देतो आणि येतोच तिकडे."

मी इटलीला गेले. पहिल्या वर्षी तो रविवारी बंदरावरच्या फोनच्या दुकानातून फोन करायचा, नाणी टाकत टाकत. आम्ही तेलाबद्दल बोलायचो, हवेबद्दल बोलायचो. जे बोलायचं ते सोडून सगळं. माझ्या खोलीतल्या उरलेल्या जागेत मी त्याचं सामान लावून ठेवलं होतं मनातल्या मनात... तो येणार म्हणून.

सप्टेंबरात फोन वाजला.

"पुन्हा हरलो गं," वज्दी म्हणाला. हसत होता की रडत होता कळेना. "पुन्हा दुसरा! पुन्हा एका मुलीनं हरवलं!"

"कोण मुलगी?"

"मोनास्तीरची आहे. काय नाक आहे तिचं, आमना! तुला सांगतो..."

"दिसायला कशी आहे?"

 पलीकडे एक नाणं खळ्ळकन खाली पडलं.

"काय विचारलंस?"

"ऐकलंस ना! तुझ्या शेजारच्या खणात बसते का?"

"आमना... तू रागावलीयस?"

"हो, रागावलेय! तुझ्यावर प्रेम आहे माझं, आणि तू मला दुसरीच्या नाकाचं कौतुक ऐकवतोयस!"

बोलून बसले. गेलं वर्षभर जे जिभेवर घोळत होतं ते असं भांडणात सांडून गेलं.  तिकडून एकदम त्याचा आवाज, दुकानातल्या माणसाला उद्देशून: "काका, सुटे द्या, सगळे द्या, पटकन!"

"वज्दी?"

"आहे मी इथेच. पुढच्या शुक्रवारी वडिलांना तुमच्याकडे पाठवतो. फातिहा वाचून लग्न ठरवून टाकू दे त्यांना."

"अरे, मी इथे आहे!"

"फातिहाला तू कशाला हवीस? तुझा बाप असला की झालं."

"खबरदार! मी येईपर्यंत कुणी काही वाचायचं नाही."

"मग ये," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज कापला. "शिकून ये. पूर्ण करून ये. पण ये."

पुढच्या उन्हाळ्यात आले. त्यानं तिसऱ्यांदा परीक्षा दिली. लल्ला दलिलांनी मला खोलीबाहेर बसवलं, आणि बरोबरच केलं. त्या वेळी तो पहिला आला. शुक्रवारी आमची फातिहा वाचली आणि रविवारी तो इटलीला निघाला, राजधानीपर्यंत आगगाडीनं.

स्टेशनवर मी त्याची पिशवी धरून उभी होते, सोडवेना. आनंद झाला होता, खूप झाला होता, आणि तरी त्यानं जाऊ नये असंही वाटत होतं. गाडी हलली तसा तो खिडकीतून वाकला.

"आता कळलं, निकालाच्या दिवशी मी कसा हसलो ते?"

"कळलं," मी म्हणाले. "जा आता. आणि तिथे शेजारी कोण बसतं ते मला रोज सांगायचं."