दुसऱ्या गटाचं शून्य

पोटाच्या ऑपरेशननंतर कोणत्या इंजेक्शनाने कमी दुखतं, एवढाच प्रश्न होता. पहिल्या गटाच्या नसा पोटाच्या बाजूने बधिर करायच्या, दुसऱ्याच्या पाठीतून. नंतर भूलतज्ज्ञ बाई खाटेशी जाऊन विचारायच्या, "शून्य ते दहा, किती दुखतंय?"

पहिला गट तीन-चार सांगे. दुसरा शून्य. सगळेच्या सगळे. इतका चोख निकाल बाईंच्या पचनी पडेना. माणसाचं शरीर असं नाकासमोर चालत नसतं.

मग त्यांच्या लक्षात आलं, शून्य सांगणाऱ्याच्या खाटेशी कुणीतरी पोट धरून बसलेलं असतं. एकाची आई, एकीचा नवरा. दुखायची जागाही तीच, टाक्यांची.

"जागरणं आणि उपाशीपोटी चहा," सिस्टर म्हणाल्या. बाईंनी मान डोलावली.

पित्ताशय काढलेल्या दुकानदाराची बायको मात्र खाटेशी मजेत स्वेटर विणत होती. त्याच्या दुकानात कामाला असलेली बाई दाराबाहेर एका हाताने भिंत, दुसऱ्याने पोट धरून वाकली होती. सिस्टरनी बायकोकडे पाहिलं आणि दार लोटून घेतलं.

पुढच्या आठवड्यात बाईंच्या आईचं आतड्याचं ऑपरेशन होतं. अकरा वर्षं आईचं दुखणंखुपणं त्यांनी एकटीने काढलं होतं. दूर गेलेल्या धाकट्या भावाचा सहा वर्षांत फोन नव्हता. त्याला ऑपरेशनचं कुणी कळवलंही नव्हतं.

कोणता गट हे ठरवणारं पाकीट न फोडताच बाईंनी सकाळी आईला पाठीतून इंजेक्शन दिलं. दुपारी खाटेशी येऊन बसल्या. आता दुखेल ते आपल्यालाच, याची भीती नव्हती. खरं सांगायचं तर त्यांना ते हवंच होतं.

"आई, किती?"

"शून्य."

बाई वाट पाहत राहिल्या. तास गेला, दोन गेले. स्वतःचं पोट दाबून पाहिलं.

काही नाही.

फोन वाजला. त्या बाहेर गेल्या, दार ओढून घेतलं.

"ताई, तू डॉक्टर आहेस म्हणून विचारतो," भाऊ म्हणाला. "सकाळपासून बेंबीखाली चिरल्यासारखं होतंय."

"शून्य ते दहा, किती?" त्यांनी सवयीने विचारलं.

"नऊ."

दवाखान्यात जा, एवढंच सांगून त्यांनी फोन ठेवला. रडू आलं नाही, संताप आला. खस्ता खाल्ल्या कुणी आणि जीव कुणावर.

त्या आत आल्या. आईचे डोळे मिटलेलेच होते.

"फार दुखतंय का गं त्याला?"