शून्य क्रमांकाची पट्टी

पट्टी तळहातावर मावेल एवढीच होती. हिरवी, चौकोनी, चार कोपऱ्यांत चार भोके, मधोमध नखाएवढी काळी चकती आणि तिच्याशेजारी पांढऱ्या रंगात छापलेला एक बाण. नीरजा हुपरीकरने ती प्रयोगशाळेतल्या कडप्प्याच्या ओट्यावर ठेवली, वायरने संगणकाला जोडली आणि पडद्याकडे पाहिले. पडद्यावर काहीच उमटले नाही.

"दुसऱ्या पोर्टमध्ये घाला, मॅडम," ताहेर मुजावर चहाचा कप सांभाळत म्हणाला. "नवी सून आहे. पहिल्या दिवशी हाक मारली की लगेच ओ देत नाही."

"सॉफ्टवेअर टाकलंस ना?"

"दोनदा टाकलं. पहिलं आपल्याच संस्थेच्या सुरक्षा विभागानं विषाणू समजून पुसलं."

दुसऱ्या पोर्टमध्ये पट्टी जागी झाली. पडद्यावर तीन रेघा आल्या. डावी-उजवीकडची हालचाल दाखवणारी तांबडी, पुढे-मागची हिरवी आणि वर-खालची निळी. निळी रेघ बाकीच्या दोघींपासून दूर, पार खाली होती. गुरुत्वाकर्षण तिच्यात धरलेले होते. नीरजाने पट्टी पालथी केली. निळी रेघ उडी मारून तितकीच वर गेली. पट्टी उताणी केली, रेघ पुन्हा खाली आली.

"दिशा बरोबर कळते," ती म्हणाली.

पण रेघा एका जागी ठरेनात. लिफ्ट हलली की तांबडी थरथरे, रस्त्यावरून बस गेली की हिरवी. चकतीच्या आत निर्वात पोकळी होती आणि तिच्यात लेसरने गोठवलेल्या अणूंचा एक ढग. साध्या संवेदकाला धक्का कळतो. या शीताणू गतिसंवेदकाला सरकणे कळत होते, नख वाढते तितके संथ सरकणेसुद्धा. दरड कोसळण्याआधी डोंगर असाच गुपचूप सरकत असतो. ते सरकणे वेळीच पकडायचे, यासाठी नीरजाने ही चाचणीपट्टी मागवली होती.

"पण हिला सगळंच ऐकू येतं," ताहेर म्हणाला. "डोंगरावर वारा आहे, गुरं आहेत, खाली समुद्राच्या लाटा आहेत. त्यातून दरड कशी निवडायची?"

"धडा करून. आमच्या गावी तेल सुटं मिळायचं. आधी रिकामी बरणी एका पारड्यात ठेवायची, दुसऱ्यात खडे टाकून काटा मध्यावर आणायचा. तो धडा. मग बरणीत तेल ओतायचं. आता जे वजन येईल ते निव्वळ तेलाचं."

"इथं बरणी कुठली?"

"पृथ्वी. लाटांचा, लांबच्या भूकंपाचा हादरा आसपासच्या सगळ्या पट्ट्यांना सारखाच बसतो. एक पट्टी पक्क्या खडकावर बसवायची. ती शून्य क्रमांकाची. सॉफ्टवेअर प्रत्येक पट्टीच्या आकड्यातून शून्याचा आकडा वजा करतं. मागं उरतं ते त्या उताराचं स्वतःचं."

"आणि शून्याच्या आकड्यातून काय वजा करतं?"

"तोच आकडा."

"म्हणजे ती कायम शून्य! नोकरी असावी तर अशी, मॅडम."

कोंडवेल हे गाव त्यांना जिल्हा प्रशासनाने सुचवले. घाटाच्या कुशीत डोंगराच्या दोन सोंडा शेजारी शेजारी उतरल्या होत्या, दोन्ही दक्षिणेकडे. एका सोंडेवर वाडी, दुसऱ्या सोंडेवर शाळा, मधून पऱ्या वाहत होता. वाडीच्या वरचा उतार मातीचा आणि भुसभुशीत. धोका होता तो तिथे. तिथे त्यांनी सात पट्ट्या पेट्यांत घालून पुरल्या.

शून्य क्रमांकाच्या पट्टीसाठी नीरजाने शाळा निवडली. शाळा सपाट कातळावर होती. आजोबा-पणजोबांच्या काळातली दगडी इमारत, भिंतीला एक तडा नाही. मुले कमी झाली म्हणून ती बंद पडली होती, त्यामुळे आत कोणाची वर्दळ नव्हती आणि विजेचा मीटर मात्र अजून चालू होता. ऑफिसच्या खोलीत जमिनीला पट्टी पक्की केली, तिच्या शेजारी संगणक ठेवला आणि दाराला कुलूप लावले. त्या भागात नेटवर्क अशक्त होते, म्हणून वजावट शाळेतल्या संगणकावरच होई आणि पुण्याच्या प्रयोगशाळेला फक्त उरलेले आकडे पोहोचत. मूळ आकडे शाळेतच राहत.

किल्ली सरपंच सुलभाताई पाष्टे यांच्याकडे दिली.

"बंद शाळेत एक तरी हुशार बसली म्हणायची," त्या म्हणाल्या.

पुढच्या पावसाळ्याच्या मध्यावर पुण्यात ताहेरने नीरजाला हाक मारली. सातही हिरव्या रेघा एकदम हलल्या होत्या, सारख्याच वेगाने.

"सरकतोय," नीरजा म्हणाली.

"सरकतोय खरा. पण बाण बघा. मॅडम, डोंगर चढायला लागला."

बाण उत्तरेकडे होता, चढाच्या दिशेने. वाडी हळूहळू डोंगर चढत असल्याचे सॉफ्टवेअर शांतपणे सांगत होते.

नीरजाने खुर्ची ओढली. माती वर चढत नाही, एवढे तरी विज्ञानात पक्के होते. मग चूक बाणात असली पाहिजे. पट्टी पालथी बसली, तर तिच्यावरचा बाण उलटा होतो. पेटीत पट्टी उताणी बसवायची की पालथी, यावर त्यांनी दोनदा निर्णय बदलला होता: उताणी बसवली तर जोडणीवर पाणी साचेल, पालथी बसवली तर वायर आखडेल. शेवटी काय ठरले? निळ्या रेघेवरून ते कळले असते, पण आठही पट्ट्या एकाच बैठकीच्या, त्यामुळे वजावटीत ती शून्यावर आली होती.

"पालथी ना?" तिने विचारले.

"मला वाटतं, पालथी. म्हणजे, पालथीच असणार. नाहीतर हे कसं?"

सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी एक चौकट होती. "बैठक: उताणी / पालथी." ताहेरने उताणीवरची खूण काढून पालथीवर केली. सातही बाण वळले आणि उताराकडे तोंड करून उभे राहिले. चित्र आता पुस्तकात असते तसे दिसू लागले: मातीचा अख्खा थर एकसंध, एका वेगाने खाली येतो आहे.

नीरजाने जिल्हाधिकारी कार्यालयाला फोन लावला. कुठे हलवायचे, हा प्रश्न पलीकडून आलाच. तिने उत्तर दिले, "शाळेत. त्या भागात न हलणारी ती एकच जागा आहे."

ती आणि ताहेर कोंडवेलला पोहोचले तेव्हा वाडी रिकामी होत आली होती. सुलभाताईंनी दारोदार जाऊन माणसे काढली होती. कोणी गुरे सोडवत होते, कोणी देव्हारा डोक्यावर घेऊन पऱ्यावरचा साकव ओलांडत होते. देवळातली देवीही पालखीतून शाळेत आणली होती.

"देवी सहज निघाली?" नीरजाने विचारले.

"कुठली! आमच्या बाबल्या गुरवानं कौल लावला. एकदा पाकळी डावी पडली, एकदा उजवी, एकदा पडलीच नाही. होकाराची उजवी पडेस्तोवर मीच लावायला लावला." सुलभाताई हसल्या नाहीत. "म्हातारी माणसं घर सोडायला तयार नव्हती. मी म्हटलं, मॅडमच्या मशिनवर नका, माझ्यावर विश्वास ठेवा. माझ्या शब्दावर आलीत सगळी. एवढं लक्षात असू द्या."

रात्रभर पाऊस पडला. सकाळी तो थांबला आणि मुले व्हरांड्यात धावली. नीरजा ऑफिसच्या खोलीत पडद्यासमोर बसली होती. हिरव्या रेघा कालच्यापेक्षा वेगाने कलत होत्या. त्यांच्यावर आज काटेरी खुणाही उमटत होत्या. टोक, टोक, टोक. थोडे थांबून पुन्हा टोक, टोक.

"वाडीत कोण राहिलंय?" तिने विचारले.

"कोणी नाही," सुलभाताई दारातून म्हणाल्या. "साकवावर पोलीस आहे."

"गुरं?"

"ती पण इथंच. वास येत नाही होय?"

ताहेर पुढे वाकला. "गाव रिकामं, मग नाचतंय कोण? आणि सातही पट्ट्यांवर, एकाच ठेक्यात?"

नीरजाने व्हरांड्याकडे कान दिला. तिला तो ठेका कानांनीही ऐकू येत होता. ती उठून व्हरांड्यात गेली. एक मुलगी दोरीवरच्या उड्या मारत होती, दोन वेण्या, अनवाणी पाय.

"थांब गं जरा," नीरजा म्हणाली.

"रेघ सपाट," आतून ताहेरचा आवाज आला.

"आता मार उड्या."

"टोकं आली, मॅडम."

मुलगी दमेपर्यंत नीरजाने ते तीनदा करून पाहिले. मग ती आत आली आणि खुर्चीवर बसली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

"सातही पट्ट्यांवर जे एकसारखं दिसतं, ते त्या सातांपैकी कोणाचंच नसतं. ते वजा केलेलं असतं. ताहेर, वजावट बंद कर. मूळ आकडे दाखव."

मूळ आकडे पडद्यावर आले. लाटा, वारा, सगळा गोंगाट त्यांच्यात होता. पण त्या गोंगाटाच्या आत वाडीवरच्या सातही पट्ट्यांच्या हिरव्या रेघा आडव्या होत्या. निळ्या रेघा सगळ्या खाली, गुरुत्वाकर्षणाच्या जागी. पट्ट्या उताण्याच होत्या. बाण पहिल्यापासून खरे बोलत होते.

आठवी हिरवी रेघ उताराकडे कलत चालली होती. ती शून्य क्रमांकाची.

"पण भिंतीला एक तडा नाही," ताहेर हळू आवाजात म्हणाला.

"ओल्या ओट्यावरून ताट सरकतं, तेव्हा ताटाला तडा जातो का? कातळ पक्काच आहे. त्याच्याखाली चिकण माती आहे, ती भिजली. अख्खा कातळ सरकतोय, आणि आपण त्यालाच स्थिर धरून बसलो. आपण दक्षिणेला जात होतो, म्हणून वाडी उत्तरेला जाताना दिसली." तिने बैठकीच्या चौकटीकडे बोट केले. "डोंगर चढतोय हे पटेना, म्हणून मी बाण फिरवला. तेव्हा विचारायला हवं होतं, की कोणाच्या जागेवरून बघितलं तर डोंगर चढताना दिसेल?"

सुलभाताई दारातच उभ्या होत्या. त्यांना रेघा कळत नव्हत्या, बाकी सगळे कळले होते.

"म्हणजे वाडी चांगली होती."

"हो."

"आणि ही जागा जाणार."

"हो. कधी ते सांगता येत नाही, पण रात्रीपासून वेग वाढतोय. आत्ता निघायला हवं."

"काल म्हणालात तिथं मराल, आज म्हणता इथं मराल." सुलभाताईंनी पदर खोचला. "कौल उलटा आला की परत लावायचा, ही आमची रीत, मॅडम. तुमच्यात पण तसंच चालतं होय?"

नीरजाने मान खाली घातली नाही. "काल तसंच केलं मी. आज बाण जसा आहे तसा वाचतेय. माणसांना मी सांगते. शिव्या मला देऊ दे."

"तुमच्या सांगण्यानं एक माणूस उठायचा नाही." त्या खोलीत आल्या. "मला दाखवा काहीतरी. मशिनमधलं नको, डोळ्यांना दिसेल असं."

नीरजा त्यांना शाळेच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. कातळ तुटायचा तर तो वरच्या कडेलाच तुटणार होता. तिथे करवंदीच्या जाळीमागे गवतात एक भेग होती, हात जाईल एवढी रुंद. कातळ आणि डोंगर वेगळे झाले होते आणि भेगेतून पाणी आत जात होते. सुलभाताईंनी वाकून भेगेत छत्री घातली. छत्री मुठीपर्यंत आत गेली.

त्या उठल्या आणि छत्री तिथेच सोडून चालू लागल्या.

"ए बाबल्या! पालखी उचल! आणि कौल लावत बसलास तर याद राख!"

माणसे शिव्या देतच उठली. कोणी नीरजाला तोंडावर म्हणाले, की यांना आमच्या जिवाशी खेळ सुचतोय. एका म्हाताऱ्याने, "आता हलायचा नाय," म्हणून भिंतीला पाठ टेकली. सुलभाताईंनी त्याचे गाठोडे उचलून चालायला सुरुवात केली, तेव्हा तो गाठोड्यामागे गेला. गुरे, देव्हारे, दोरी हातात धरलेली ती मुलगी, सगळे साकवावरून वाडीकडे परतले. नीरजा आणि ताहेर सर्वांत शेवटी निघाले. संगणक चालूच ठेवला.

वाडीतल्या देवळाच्या पायरीवर ताहेरने लॅपटॉप उघडला. एवढ्या जवळून शाळेतला संगणक लगेच सापडला. त्याने वजावट पुन्हा सुरू केली आणि बैठकीच्या चौकटीत न विचारता पुन्हा "उताणी"वर खूण केली. सुलभाताई शेजारी येऊन बसल्या.

दुपारी हिरव्या रेघा वळल्या आणि सरळ वर निघाल्या, सातही एकदम. नीरजाने पऱ्यापलीकडे पाहिले. आवाज नंतर आला. आधी शाळा हलली, भिंती, कौले, अंगणातला झेंड्याचा खांब, सगळे जागच्या जागी, कोणी मोठे ताट उचलून नेत असावे तसे. खांब बराच वेळ ताठ होता. मग शाळा झाडांमागे गेली आणि डोंगर गडगडला.

 सुलभाताईंनी मागे वळून माणसे मोजली, पुन्हा एकदा मोजली. मग त्यांनी लॅपटॉपकडे हनुवटी उडवली.

"आता काय म्हणतंय तुमचं मशिन?"

शेवटचा आकडा येऊन पडदा थिजला होता. नीरजाने तो त्यांच्याकडे वळवला आणि वाचून दाखवले.

"वाडी शंभर हात डोंगर चढली."

"आणि हे खाली काय लिहिलंय?"

खाली, नेहमीच्या जागी, नेहमीच्या बारीक अक्षरांत एक ओळ होती. पट्टी क्रमांक शून्य: हालचाल नाही.