सतरा नंबरची कॅसेट

"प्लॅन तयार आहे!" ईशानने वही मिटली आणि पेन कानावर खोचलं. "आप्पाजी काहीही विसरलेले नाहीत, हे आपण सिद्ध करायचं. चोवीस तासांत!"

"चोवीस तास कशाला? रविवारपर्यंत आख्खा आठवडा आहे की," सुप्रीता म्हणाली.

"डिटेक्टिव्ह लोक चोवीस तासच घेतात."

"तू आणि डिटेक्टिव्ह! परवा स्वतःची चप्पल शोधायला तुला अर्धा तास लागला होता."

स्वानंदी मात्र हसली नाही. बंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या आप्पाजींच्या घराच्या पायरीवर ती गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. तिच्या घरी टेबलावर वीतभर उंचीचा पितळी तानपुरा होता. कालच्या रविवारी तिने तो जिंकला होता. बक्षीस मिळाल्यावर दिवसभर मिरवायचं असतं. तिने त्याच्यावर रुमाल टाकून ठेवला होता.

सुप्रीताचे आजोबा म्हणजे आप्पाजी. लहानथोर सगळेच त्यांना आप्पाजी म्हणत. दर रविवारी सकाळी दहा वाजता जवळच्या हॉलमध्ये ते संगीताची कोडी घालत. पंचवीस-तीस माणसं जमायची. चाळीस सेकंद कॅसेट वाजायची आणि राग ओळखायचा. तोसुद्धा दोन्ही नावांनी, एक हिंदुस्तानी आणि एक कर्नाटकी! भूप म्हणालात की मोहनम् सांगायचं, मालकंस म्हणालात की हिंदोलम्. सुट्टी लागल्यापासून ही तीन पोरं तिथे मोठ्यांच्या तोंडचं पाणी पळवत होती.

आप्पाजींकडे चाळीस कॅसेट होत्या आणि एकीवरही नाव नव्हतं. नुसते आकडे. नाव लिहिलं तर कुणीतरी चोरून वाचेल आणि कोड्याची मजा जाईल, म्हणून. कुठल्या कॅसेटवर कोण गातंय, कोण वाजवतंय, ते सगळं आप्पाजींच्या डोक्यात होतं. फक्त तिथेच होतं.

रविवारी शेवटची कॅसेट होती सतरा नंबरची. ती सुरू होऊन दहा सेकंद झाली नाहीत तोच स्वानंदीने हात वर केला. "दुर्गा! कर्नाटकीत शुद्ध सावेरी!"

टाळ्या पडल्या. मग आप्पाजी हसून म्हणाले, "आणि गाणारी कोण, माहीत आहे? माझी थोरली बहीण, अहल्याक्का. तिची ही एकच कॅसेट माझ्याकडे आहे."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. दर रविवारी येणारे पद्माकरकाका मोठ्याने हसले. "आप्पाजी, अहो, हा तर पुरुषाचा आवाज आहे!"

कॅसेट पुन्हा लावली. खरंच पुरुषाचा आवाज होता. आप्पाजींनी मान खाली घालून पूर्ण ऐकली आणि हळूच म्हणाले, "असेल. वय झालं माझं. बहिणीचा आवाजसुद्धा ओळखू येईना म्हणजे..." त्याच दिवशी त्यांनी सगळ्या कॅसेट आणि टेपरेकॉर्डर कार्यक्रमाची मांडामांड बघणाऱ्या अभिजीतकाकांच्या हवाली केला. "कॉम्प्युटरवर चढवा आणि नंतर टाकून द्या. पुढची कोडी दुसऱ्या कुणीतरी घालावीत."

स्वानंदीला ते बक्षीस तेव्हापासून नकोसं झालं होतं. कारण तिने राग ओळखलाच नव्हता. शनिवारी ती आप्पाजींच्या घरी पेटी वाजवायला लवकर आली होती. आप्पाजी फुलं आणायला गेले होते आणि उद्याच्या तिन्ही कॅसेट टेबलावर ओळीने मांडून ठेवलेल्या होत्या. फक्त एकदाच ऐकू, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. तिन्ही ऐकल्या होत्या.

"अरे, हे ऐका!" ईशानने मोबाइल काढला. रविवारचा तुकडा त्याने रेकॉर्ड करून ठेवला होता. गाण्याच्या मागे पेटी वाजत होती आणि तिचा एक सूर सारखा घरघरत होता.

सुप्रीता ताडकन उठली. "स्वल्प, जरा थांब! पुन्हा लाव. ही आमची पेटी आहे! आमच्या पेटीची चौथी काळी पट्टी, काळी चार, अशीच घरघरते. आप्पाजी ती दुरुस्तच करू देत नाहीत. म्हणतात, अक्का तिच्यावरच सा धरायची."

तिघं आत धावले. सुप्रीताने भाता ओढला आणि काळी चार दाबली. घर्रर्र! अगदी तीच घरघर. पण मोबाइलमधला सूर बराच खालचा होता.

"मोबाइलमधला सूर शोध," ईशान म्हणाला.

स्वानंदीचा कान तिघांत तयार. तिने एकेक पट्टी दाबून पाहिली. पांढरी तीन जरा खाली पडत होती. पांढरी चार जरा वर जात होती.

"मग मधली काळी दाब ना!"

"या दोघींच्या मध्ये काळी पट्टी नसतेच, ईशान."

मग सुप्रीताचे डोळे मोठे झाले. "म्हणजे जो सूर या पेटीत नाहीच, तो ही पेटी कसा वाजवेल?"

"कॅसेट हळू फिरली!" ईशान ओरडला. "हळू फिरली की सूर उतरतो, आवाज जाड होतो. बाईचा पुरुष होतो! आप्पाजी बरोबर होते! मशीन बिघडवलं कुणी? अभिजीतकाकांनी! तेच तर हॉलमध्ये घेऊन आले होते!"

स्वानंदीचे हात पट्ट्यांवरच राहिले. त्या टेपरेकॉर्डरला वेग कमी-जास्त करायचं एक छोटं गोल बटण होतं. अवघड ताना हळू करून ऐकता याव्यात म्हणून आप्पाजींनीच तिला ते दाखवलं होतं. शनिवारी सतरा नंबरची तान सुटू नये, म्हणून ती कॅसेट लावायच्या आधीच तिने बटण पार डावीकडे फिरवलं होतं. तेवढ्यात फाटक वाजलं. तिने कॅसेट जागेवर ठेवली आणि बटण तसंच राहिलं.

आता सांगावं. आत्ताच. तिने तोंड उघडलं.

"चला काकांच्या घरी, मारतहळ्ळीला!" ईशान म्हणाला. "काका कॅसेट टाकून द्यायच्या आत!"

सुप्रीताच्या आईने अभिजीतकाकांना फोन करून ठेवला आणि पोरांना बसमध्ये बसवून दिलं. मॅजेस्टिकच्या स्टँडवर बस बदलली. पुढे रिंग रोडवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. ईशान काकांची उलटतपासणी कशी घ्यायची ते वहीत लिहीत होता. स्वानंदी खिडकीबाहेर पाहत होती आणि तिला काहीच दिसत नव्हतं.

अभिजीतकाका ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. कानाला हेडफोन, वर कडक इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा. त्यांनी हातानेच "बसा, बसा" अशी खूण केली. टेबलावर टेपरेकॉर्डर चालू होता. दाराशी एक खोकं होतं आणि त्यावर लिहिलेलं होतं: रद्दी.

सुप्रीताने खोकं उघडून पाहिलं आणि ती किंचाळलीच. "आप्पाजींच्या कॅसेट!"

काका हेडफोन काढून धावत आले. "अगं हळू! काय झालं? दहा कॅसेट झाल्यासुद्धा. रद्दीवाला चारला येतोय."

"काका, यातली एक तरी तुम्ही ऐकलीत?"

"ऐकायला वेळ कुठे आहे, बाळा? लावायची आणि मीटिंगला बसायचं."

ईशानने बोट दाखवलं. गोल बटण पार डावीकडे होतं. "सगळ्याच्या सगळ्या हळू चढल्यात! आणि तुम्ही अस्सल कॅसेट रद्दीत देत होतात!"

काकांनी सतरा नंबरची लावली आणि बटण मधल्या खुणेवर आणलं. आवाज वर चढला. मोकळा, धारदार, बाईचा आवाज.

"देवा रे!" काका खुर्चीत बसले. "आणताना माझ्याच हातून फिरलं असणार. आप्पाजींना सगळ्यांसमोर केवढं ऐकून घ्यावं लागलं! चला, मी स्वतः येतो आणि त्यांचे पाय धरतो."

"केस सॉल्व्ह्ड!" ईशानने वहीत रेघ मारली.

स्वानंदीने खोकं उचलून छातीशी धरलं. आता कुणीच तिला विचारणार नव्हतं. दोष घेणारा माणूस आपण होऊन पुढे आला होता. त्यामुळे तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकांच्या गाडीतून सगळे मल्लेश्वरमला पोचले तेव्हा आप्पाजी पेटीवर कापड घालत होते. सुप्रीताने बरोबर आणलेला टेपरेकॉर्डर मांडून कॅसेट लावली.

पहिल्या सुरालाच आप्पाजींचा हात कापडावर थांबला. "अक्का," ते म्हणाले. मग डोळे मिटून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. कॅसेट संपल्यावर म्हणाले, "म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे तर!"

"आहे, आप्पाजी. नव्हतं ते माझं," अभिजीतकाका वाकून म्हणाले. "बटण माझ्याकडून..."

"काकांनी नाही फिरवलं!"

सगळे वळले. स्वानंदीचा चेहरा लाल झाला होता, पण ती थांबली नाही. शनिवार, तिन्ही कॅसेट, तान, फाटकाचा आवाज, सगळं तिने सांगितलं. "आणि तुम्हाला सगळे हसले तेव्हा मी बक्षीस धरून उभी होते. बटणाचं मला आजच कळलं, पण सकाळी कळलं. दुपारभर गप्प बसले. काकांना दोष घेऊ दिला."

ईशानचं पेन हातातच राहिलं. "तू आमच्याबरोबर शोधत होतीस... आणि तूच?"

तिने मान हलवली. त्याच्याकडे पाहायचा तिला धीर झाला नाही.

आप्पाजींनी पेटीवरचं कापड काढून त्याची घडी घातली. मग त्यांनी विचारलं, "ती तान किती वेळा ऐकलीस?"

"अकरा वेळा."

"जमली?"

"नाही."

"मला दोन वर्षं लागली होती." त्यांनी चष्मा पुसला. "मला वाईट वाटलं, पोरी. खूप वाटलं. रात्री झोप आली नाही. काही वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. तानपुरा परत आण. आणि रविवारी कोडं तू घालायचंस. हेच."

रविवारी हॉल भरला होता. पुढे उभं राहिल्यावर स्वानंदीला आपल्याच कानांची आग जाणवत होती. तिने आधी कॅसेट हळू लावली, मग बरोबर वेगाने. "गाणाऱ्या अहल्याक्का आहेत. गेल्या रविवारी आप्पाजी बरोबर होते, हे सुप्रीता आणि ईशानने पेटीच्या घरघरणाऱ्या पट्टीवरून शोधलं. बटण मी फिरवलं होतं, कारण मी आदल्या दिवशी चोरून ऐकलं. माझं बक्षीस खोटं होतं." पितळी तानपुरा तिने टेबलावर ठेवला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते बरंच झालं. मग पद्माकरकाका उठले. "हसलो मी होतो. सगळ्यांत मोठ्याने मीच. आप्पाजी, माफ करा." आणि ते मुलांकडे वळले. "घरघरणाऱ्या पट्टीवरून चोर शोधलात! आम्ही तीस वर्षं गाणं ऐकतोय, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही. शाब्बास रे!"

सुप्रीताने आणि ईशानने कॉलर ताठ केली. स्वानंदीने पायांच्या बोटांकडे पाहिलं.

कार्यक्रमानंतर आप्पाजींनी खोकं पुढे सरकवलं. "आता माझ्या एकट्याच्या डोक्यावर भिस्त नको. मी सांगतो, तुम्ही लिहा. चाळीसही कॅसेटवर नावं आली पाहिजेत. कोड्यांचं मग बघू."

"सरी, आप्पाजी, लिहितो!" सुप्रीता म्हणाली.

ईशान जरा घुटमळला. मग त्याने कानावरचं पेन काढून स्वानंदीपुढे धरलं. "पहिलं तू लिही. पण चोरून बघू नकोस हं, आता उत्तर समोरच असणार आहे!"

तिला हसू आलं, आठ दिवसांत पहिल्यांदा. सतरा नंबरची कॅसेट उचलून तिने सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं: अहल्याक्का, राग दुर्गा, काळी चार.