वाकणाऱ्या काड्या

मी एकदा देवाला शब्द दिला होता. माझा तोविआ एकटाच होडी घेऊन मासेमारीला गेला, मागून वादळ झालं, आणि तो परतलाच नाही. मी बोलले, देवा, लेकरू घरी येईपर्यंत चर्चच्या सभाघराचा झाडू दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही. त्या संध्याकाळीही झाडायलाच गेले. नणंद पेका सोबत होती.

सभाघरात माझ्या भाचीनं, सिएनीनं, बनवलेलं ते यंत्र होतं. यंत्र तरी कसं म्हणू? भिंतभर नारळाच्या पातीच्या काड्या, प्रत्येकीच्या मुळाशी इवलीशी मोटर, आणि कुठेतरी लपवलेला डोळा. समोरून कुणी गेलं की काड्या लवायच्या, भरतीच्या पाण्यातल्या गवतासारख्या. बसलेल्यांसमोरून जाताना आम्ही बेटावरची माणसं 'तुलोउ', माफ करा, म्हणत वाकतो ना, तसं माणूस जितका वाकेल तितक्याच त्याही वाकायच्या. देवानंच पोरीच्या बोटांत काहीतरी ठेवलंय.

"माझ्या भावापेक्षा यांना रीतभात जास्त," पेका म्हणाली.

तेवढ्यात शंख वाजला. प्रार्थनेची वेळ, आता गावात कुणी पाऊल उचलायचं नाही. आम्ही तिथेच चटईवर बसलो. अंधारून येत होतं. खोबरेल तेलाचा वास, लांबवर खडकांवरची गाज. मी डोळे मिटले.

सर्र... सर्र...

दारापासून काड्या लवत येत होत्या. एकामागून एक, अगदी खाली. आमच्यासमोर येऊन थांबल्या. वाकलेल्याच राहिल्या.

"वहिनी... वारा असेल."

"दाराचा पडदा बघा, वन्सं. हललासुद्धा नाही."

"मग... आपला तोविआ?"

तो असेल, तर माझं लेकरू या जगात नाही. तरी मी हळूच म्हणाले, "जो कोणी असशील... माझ्या पोराला घेऊन ये."

काड्या सावकाश उठल्या, आणि दाराकडे लवत गेल्या.

सकाळी तोविआची होडी किनाऱ्याला लागली. वल्हं वादळातच गेलेलं. होडी कशी वळली, त्याला आठवत नाही. पण जिवंत आला. मी वाळूवरच गुडघे टेकले.

त्या रविवारी तो सभाघरात आला. काड्या त्याच्यासाठी लवल्या, उठल्या. मग त्याच्या मागे थोडं अंतर सोडून पुन्हा लवल्या. अगदी खाली.

"बिघाड नाही, आत्या," सिएनी म्हणाली. "मी सगळं उघडून पाहिलं."

तेव्हापासून दर रविवारी तसंच. भीती वाटत नाही म्हटलं तर खोटं होईल. पण जो कोणी आहे, त्यानं माझं मागणं ऐकलं, आणि रीत कधी सोडली नाही. हल्ली फक्त ते अंतर कमी होत चाललंय.

येत्या रविवारी तुम्ही आमच्यात बसणार, तर एवढं करा. तोविआ पुढे गेला म्हणून लगेच पाय पसरू नका. आम्ही ठेवतो तशी वाट जरा वेळ मोकळी ठेवा.