अमडापूरच्या चढावरच्या थापा

ही गोष्ट ऐकीव नाही. माझी थोरली बहीण रुख्मिणीताई स्वतः त्या ट्रकवर होती.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. हिवाळ्याची दिवेलागण. अमडापूरच्या पुढचा चढ.

ताईचे यजमान इंद्रभानराव स्वतःच्या ट्रकमध्ये कापूस भरून खामगावला निघाले होते. ताई तान्ह्या लेकीला घेऊन वर कापसावर बसली होती. केबिनमध्ये इंद्रभानरावांच्या शेजारी त्यांचा जुना क्लीनर, पंजाबराव.

चढावर इंजिन तापलं. काच वाफेनं भरली.

"म्हातारी झाली बे तुही गाडी," पंजाबराव हसले. "चढ दिसला का पाणी मांगते."

अन् खाली उतरले.

हातब्रेक निकामी होता. इंद्रभानरावांनी ब्रेकवर पाय दाबून धरला. दोघांचा रिवाज ठरलेला. पंजाबरावांनी मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावायचा अन् ट्रकच्या मागच्या फळीवर दोन थापा मारायच्या. मगच पाय काढायचा.

नाहीतर गाडी मागं घसरून थेट दरीत.

थप... थप.

इंद्रभानराव पाय उचलणार, तोच काचेवरची वाफ विरली.

पंजाबराव समोरून येत होते. हातात पाण्यानं भरलेला डबा. घाईघाईत ते आधी पुढच्या ओढ्यावर पाणी आणायलाच गेले होते.

मग थापा कुणी...

थप... थप.

"पंजाबराव, ठोकळा लावला का?"

"नाही लावला अजून. पाय नको काढू."

इंद्रभानरावांनी पाय आणखी घट्ट दाबला. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अवं, मांगं कोण हाये?"

"पंजाबराव भाऊजीच तं हायेत," ताई वरून म्हणाली. "कवाचे थापा मारून राह्यले. ठोकळा हातातच हाये त्याइच्या."

समोरच्या पंजाबरावांनी ते ऐकलं. डबा खाली ठेवला. ते मागं गेले.

बराच वेळ काहीच आवाज नाही...

मग लाकूड दगडावर घासलं.

थप... थप.

"लागला का वं?"

"हाव. लागला," ताई वरून म्हणाली.

इंद्रभानरावांनी पाय काढला. गाडी हलली नाही.

पंजाबराव आले, इंजिनात पाणी ओतलं, शेजारी येऊन बसले. खामगाव येईपर्यंत इंद्रभानरावांनी त्यांच्याकडं मान वळवली नाही.

ताईला वरून अंधुक दिसलं ते एवढंच... दोघं समोरासमोर उभे राहिले. मग ठोकळा लावायला एकच वाकला. दुसरा तिथं नव्हता.

पंजाबराव पुढं कित्येक वर्षं त्याच गाडीवर होते. बोलणं तेच, थट्टा तीच. सणावाराला ताईकडं जेवायला यायचे. लेकीला घ्यायला हात पुढं करायचे.

ताईनं लेक त्यांच्याकडं कधी दिली नाही.