राखून ठेवलेला डाव

हिंदुराव वस्ताद तालमीच्या लाल मातीत जोर काढत होते आणि कठड्यावर बसलेल्या शिकाऊ मुली खुशाल गप्पा मारत होत्या. शंभरी ओलांडलेला माणूस घामाने निथळतोय याचं कोल्हापुरात आता कुणालाच अप्रूप राहिलं नव्हतं. वस्तादांच्या रक्तात सेवक होते. अब्जांश तंत्राने घडवलेली ही यंत्रं इतकी बारीक, की एका केसाच्या जाडीत शेकडो मावावीत. झिजलेलं सांधायचं, कुजलेलं काढून टाकायचं, हे त्यांचं काम. वर्षाला एक डोस घेतला की म्हातारपण दारातूनच माघारी जायचं.

मरण लांबलं हे बरंच झालं म्हणा. पण हातचं सोडायला कुणी तयार होईना. साहेब खुर्ची सोडेनात, सासवा किल्ल्या सोडेनात आणि हिंदुराव आपला शेवटचा डाव सोडेनात.

वस्ताद सगळं शिकवतो, एक डाव राखून ठेवतो आणि तो मरणाच्या दारात पट्टशिष्याला देतो, ही या तालमीची रीत. पट्टशिष्या वैजयंता आता सत्तरीची होती. दिसायची तिशीची, पण वाट पाहून पाहून तिचं डोकं फिरलं होतं. त्या सकाळी ती तडक मातीत उतरली.

“वस्ताद, मला तो डाव पायजे. आजच.”

“मरताना देतो म्हटलंय न्हवं?”

“तुमी मरताय कवा? आता मरतंय कोण? रीत हाय का थट्टा?”

वस्तादांनी अंगावरची माती झटकली आणि नुसतं “ये” म्हणाले.

त्यांनी तिच्या कमरेला मिठी घातली, मान तिच्या काखेखाली सारली आणि अंग मागे झोकायला गेले. पण अर्ध्यातच शरीर लाकडासारखं ताठ झालं. शिरा तटतटून फुगल्या, तरी मान तसूभर वाकेना. शेवटी त्यांनी मिठी सोडली आणि मातीतच बसले.

“बघितलंस? ह्यात मान मोडायची पाळी येती. तिथवर गेलं की सेवक अंग आवळून धरत्यात. ते अंगात घेतल्यापासनं ह्यो डाव मला जमलाच न्हाई. लाज वाटायची, म्हणून बोललो न्हाई.”

वैजयंताला भडभडून आलं. या माणसाला तिने गावभर चिक्कू म्हटलं होतं. तिने स्वतः डाव करून पाहिला. तिचंही अंग तिथेच आखडलं. जीव वाचवायला घेतलेली यंत्रं आता तिला न विचारता तिला अडवत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“डोस चुकवला तर?”

“सा महिन्यांत सेवक विरून जातील. मग थोडं दिस ताकद ऱ्हाईल, पुढं मरण. तेवढ्यात शिकायचं. एकदा चुकवला की पुन्यांदा डोस लागू पडत न्हाई.”

तेवढ्यात दोघांचे डोस घेऊन परिचारिका आलीच. वस्तादांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

“मला नको, बाई.”

“वस्ताद, एका डावासाठी जीव देणार?” दारातच सगळं ऐकलेल्या परिचारिकेने विचारलं.

“जीव माझा हाय. त्यो कुठं लावायचा, ते सेवकांनी मला शिकवायचं न्हाई.”

वैजयंताकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तू काय करणार, हे वस्तादाने कधी विचारायचं नसतं.

वैजयंताने आपला डोस हातात घेऊन पाहिला. तिला जगायची भारी हौस होती. अजून शंभर वर्षांचे बेत तिच्या डोक्यात तयार होते.

“माझाबी माघारी न्या,” ती म्हणाली.

“भ्यालीस?” वस्तादांनी हळूच विचारलं.

“लई. पर माझ्या अंगाला नगं म्हणायचा हक्क माझा हाय.”

परिचारिका खोका बंद करून निघून गेली. कठड्यावरून मात्र कुणी उठलं नव्हतं. वैजयंताने त्या मुलींच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं. डाव तर ती आता शिकणारच होती. आणि आपल्याबरोबर तो संपू द्यायचा नसेल, तर तिलाही तो कुणाला तरी द्यावाच लागणार होता. संपता न संपणारं आयुष्य पुढे असलेल्या यांतल्या कुठल्या पोरीला ती म्हणणार होती, की ये, तूही मरायला तयार हो?