खांबापलीकडचा खांदा

मला झोप लागली तेव्हा तोडी चालू होती, आणि जाग आली तेव्हा भैरवी. मधला दीड तास माझं डोकं कुणाच्या तरी खांद्यावर होतं.

आधी वाटलं, खांबच आहे. सत्यवतीबाईंच्या माडीवर मधोमध एक लाकडी खांब होता. त्याच्या अलीकडे बायका बसत, पलीकडे पुरुष, आणि मी नेहमी त्या खांबाला टेकून बसायची. पण खांबाला लोकरीचा स्वेटर नसतो... आणि खांब श्वासही घेत नाही. मी दचकून सरळ झाले. पलीकडचा माणूस समोर बघत, डाव्या हाताच्या बोटांनी गुडघ्यावर मात्रा मोजत बसला होता. उजवा हात त्याने जराही हलवला नव्हता.

गाणं संपलं, लोक उठले, तेव्हा माझा चेहरा तापला होता.

"माफ करा हं," मी म्हणाले. "पण काहून नाही उठवलं मला?"

"कसं उठवणार जी? तंबोरा लागला की बोलायचं नाही, हलायचं नाही. बाईंचा नियम." तो उजवा हात झटकत होता. "आता हा हात माझा आहे की नाही, समजून नाही राहिलं."

"मी... घोरत होती का?"

"थोडंसं," तो गंभीरपणे म्हणाला. "पण सुरात."

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, म्हणून लक्षात राहिलं.

ते एकाहत्तर साल. लढाई होणार, होणार, असं सगळं जबलपूर उन्हाळ्यापासून म्हणत होतं, आणि कारखान्यांना बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या होत्या. मी दारूगोळ्याच्या कारखान्यात पॅकिंगला होते. शनिवारची रात्रपाळी रविवारी सकाळी सुटायची. मी बसमधून थेट सराफ्यात उतरायची आणि सोनाराच्या दुकानावरच्या माडीचा जिना चढायची. आई दर रविवारी कुरकुरायची, "हप्त्यातून एक दिवस भेटते, तर झोप ना बाप्पा!" पण तेवढी एक बैठक सोडली, तर आठवड्यात माझं असं काही उरतच नव्हतं.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या गाण्याच्या शिक्षिका. माडीवर तीसेक माणसं, एक सतरंजी, एक तबला. माइक त्यांनी कधी लावू दिला नाही. "माझा आवाज जिथपर्यंत जाते, तिथपर्यंतच माझी माणसं," असं म्हणायच्या. चार वर्षं मी एकही बैठक चुकवली नव्हती. तार षड्ज घेण्याआधी बाई कानाच्या पाळीला हात लावतात, हे मला ठाऊक होतं. ऐकलेलं गाणं मी आठवडाभर पेट्या भरताना मनातल्या मनात गायची. पूर्वी बैठक संध्याकाळी असायची. पाळ्या लागल्या तशी बाईंनी ती रविवारी सकाळी आणली, आमच्यासारख्यांसाठी. आणि तेव्हापासून, सांगायला लाज वाटते, पण मी दर वेळी झोपायची.

पुढच्या रविवारी तो पुन्हा खांबापलीकडे होता. नाव श्रीरंग. ट्रक बनवायच्या कारखान्यात रंगकामाला होता. लष्करी ट्रकांचा हिरवा रंग त्याच्या नखांत कायमचा जाऊन बसला होता.

"आज जागी राहीन मी," मी त्याला बजावलं.

"बरं."

दहा मिनिटांत मी झोपी गेले.

बैठकीनंतर जिन्याखालच्या टपरीवर चहा घेताना मी खट्टू होऊन बसले होते. तो म्हणाला, "ऐका. आज बाई कोमल गंधारावर थांबल्या. एवढ्या थांबल्या की तबलेवाला त्यांच्याकडे बघायला लागला. मग अशा हळूच खाली आल्या... जसं कोणी झोपलेल्या लेकराजवळून उठते ना, तसं."

मी कपातला चहा तसाच धरून ऐकत राहिले. जे निसटलं होतं, ते परत मिळत होतं.

"तुम्ही झोपत जा," तो म्हणाला. "मी ऐकून सांगत जाईन."

"आणि तुम्हाला नाही येत का झोप?"

"येते ना. पण आता जबाबदारी आहे माझ्यावर."

त्यानंतर तसंच होऊ लागलं. मी झोपायची, तो ऐकायचा, आणि चहाबरोबर मला सगळं गाणं सांगायचा... हातवारे करून, कधी अर्धीमुर्धी ओळ गाऊन. त्याचा आवाज बरा नव्हता. पण कुणीतरी आपल्यासाठी दीड तास जागं राहतं, हे मला माहीत झालं, आणि मग सोमवार ते शनिवार मी गाण्याची वाट बघते की त्याची, ते मला सांगता आलं नसतं.

"एकदा तरी संध्याकाळचा राग जागेपणी ऐकायचा आहे मला," मी एकदा म्हणाले.

"लढाई होऊन जाऊ द्या. बाई पुन्हा संध्याकाळी गातील. तेव्हा मी चिमटे काढून जागं ठेवीन."

"चिमटे?"

"म्हणजे..." तो चहात बघू लागला. "परवानगी असली तर."

"बघू," मी म्हणाले. पण परवानगी होती. तेव्हाच होती.

नोव्हेंबर संपता संपता मला पॅकिंगमधून उचललं आणि पावडर भरायच्या खात्यात टाकलं. तिथे आत जाताना, ठिणगी उडू नये म्हणून, बांगड्या, केसांतले आकडे, पिना सगळं काढून ठेवावं लागे. पहिल्या आठवड्यातच माझे हात पिवळे झाले. तळवे, बोटं, मनगटापर्यंत. लिंबू झालं, रिठे झाले, आईने चुलीची राख चोळून पाहिली. रंग जाईना. त्या रविवारी जादा पाळी लागली आणि माझी चार वर्षांत पहिली बैठक चुकली. त्याच्या पुढच्या रविवारी गेले तेव्हा लढाई सुरू होऊन दोन दिवस झाले होते. खिडक्यांना ब्लॅकआउटचे काळे कागद लागले होते. मी हात शालीत गुंडाळून जिना चढले.

"मागच्या रविवारी कुठे होत्या?" श्रीरंगने लगबगीने विचारलं. "मी तुमच्यासाठी पूर्ण ललत राग पाठ करून ठेवला."

मी हसले, आणि घसरणारी शाल सावरायला बोटं बाहेर काढली.

तो बोलायचा थांबला. माझ्या बोटांकडे बघत राहिला. "अच्छा..." एवढंच म्हणाला. मग उठला, आणि मागे जाऊन दाराशी बसला. चहाला थांबला नाही.

किळस आली असणार, असं मी धरून चालले. मलाही माझे हात बघवत नव्हते. पण त्याच्या नखांतला हिरवा रंग मी कधी असा बघितला होता का? मला राग आला, मग रडू आलं. पुढच्या रविवारीही तो दाराशीच. त्या दिवशी मला झोप आली नाही. कितीतरी महिन्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत जागी राहिले, आणि काय गाणं झालं ते एक अक्षर सांगता येणार नाही. मला तो खांबापलीकडे हवा होता. बस, एवढंच हवं होतं.

गुरुवारी लढाई संपली. कारखान्यात लाडू वाटले, आणि पाळी मात्र बाराच तासांची राहिली. बाईंचा निरोप आला: येत्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता.

मी लवकर गेले. आई म्हणाली, "अर्ध्या झोपेत कुठे चालली?" तरी गेले. काळे कागद निघाले होते आणि माडीवर उन्हाची तिरीप आली होती. बाई तंबोरा जुळवत होत्या. मी खांबाशी बसले. लोक येऊ लागले, श्रीरंगही आला. डोळे लाल, दाढी वाढलेली. तो पुन्हा दाराशीच टेकला.

"काहून रे श्रीरंग," बाईंनी खुंटी पिळत विचारलं, "खांब मोकळा आहे, अन् तू दाराशी काहून बसून राहिला?"

"नाही बाई... आता बरं नाही दिसत." तो अडखळला. "त्यांची हळद झाली ना."

"कोणाची हळद?" मी विचारलं.

त्याने नुसतं माझ्या हातांकडे बघितलं. माडीवरच्या सगळ्यांनीच बघितलं. लग्नसराईचे दिवस, मधेच एक रविवार मी गायब, आणि परतले ती पिवळ्या हातांनी! मग दोन आठवड्यांचा थकवा, राग, सगळं एकदम वर आलं.

"ही बारुदाची पावडर आहे!" मी जवळजवळ ओरडले. "तीन साबण घासले मी याच्यावर! अन् हळद दिसली, तर हातात हिरवा चुडा नाही हे नाही दिसलं तुम्हाला?"

"तेवढं बघत कुठे बसलो असतो..." तो पुटपुटला. "बोटं दिसली, अन् पुढचं काही दिसलंच नाही."

बाईंनी तंबोरा मांडीवर टेकवला. "काय रे बावळटा! हळद लागलेली पोरगी उंबरा ओलांडून गाणं ऐकाले येते का? उठ. जाय आपल्या जागेवर."

सगळी माडी हसली. तो उठला, माणसांतून वाट काढत आला आणि खांबापलीकडे बसला.

"मला वाटलं, माझ्या हातांची किळस आली तुम्हाला," मी हळूच म्हणाले.

"किळस?" त्याने माझ्याकडे बघितलं. "दोन हप्ते मला जेवण गेलं नाही जी." मग खूप हळू, "हेमलता... मग खरी कधी? हळद. म्हणजे... माझ्याशी?"

मी तोंड उघडलं, आणि तंबोरा लागला.

बोलायचं नाही, हलायचं नाही. बाईंनी पूरिया धनाश्री सुरू केला. ऊन भिंतीवरून सरकत होतं. उत्तर माझ्या ओठांवर होतं आणि मला ते गिळून बसावं लागत होतं. झोपेचं नावसुद्धा नव्हतं. मी खांबाच्या कडेने त्याच्याकडे बघितलं... आणि त्याचं डोकं हळूच कलंडलं आणि माझ्या खांद्यावर आलं.

झोपला होता. लग्नाचं विचारून, उत्तराआधी!

शेजारच्या प्रतिमाताईंनी डोळे मोठे केले. मी हलले नाही. नियमच होता तसा. उजव्या हाताने गुडघ्यावर मात्रा मोजत, मी तो अख्खा राग त्याच्यासाठी ऐकला. बाईंनी कानाच्या पाळीला हात लावला, तार षड्ज आला, आणि माझे डोळे भरून आले. इतकी दमले होते मी, आणि इतकी सुखात होते.

गाणं थांबलं तेव्हा तो जागा झाला. "गेला वाटते राग," तो ओशाळून म्हणाला. "चिमटे तर मी काढणार होतो."

"सांगते मी नंतर, चहा घेताना. सगळा लक्षात आहे."

"अन्... उत्तर?"

लोक अजून उठले नव्हते. बाई तंबोऱ्याची गवसणी उचलता उचलता आमच्याकडेच बघत होत्या. मी शालीतून हात बाहेर काढला आणि सगळ्यांसमोर त्याच्या हातात दिला. माझी पिवळी बोटं, त्याची हिरवी नखं.

"झालं मग," बाई म्हणाल्या. "हळदही आली अन् हिरवंही आलं. आता आईले घेऊन ये रे हिच्या घरी."

श्रीरंग मान डोलावत राहिला. मला मात्र खांद्यापासून बोटांपर्यंत नुसत्या मुंग्या येत होत्या.

"हा हात माझा आहे की नाही," मी म्हणाले, "समजून नाही राहिलं."

"नाही," तो म्हणाला, आणि त्याने तो सोडला नाही.